एकशे तीसवर चार

२८ मार्च

तारीख आली! एकवीस एप्रिल. वेटलिफ्टिंगची निवड चाचणी, चांगशाला.

एकोणसाठ किलोच्या गटात देशाची ऑलिम्पिकची जागा एकच. तिच्यासाठी दोन मुली — आमची आयून, म्हणजे नोंग चाइयून, आणि लिआओनिंग प्रांताची फांग रुइ. जी जिंकेल ती जाईल. जी हरेल ती टीव्हीवर बघेल. मधलं काही नाही.

मू साहेब एरवी इतके सावकाश चालतात की त्यांच्या हातातला चहा निवतो. आज हॉलच्या दारातूनच ओरडत आले. संघप्रमुख आहेत, पण ओरडले अगदी भाजीवाल्यासारखे. मी खडूची पूड लावलेले हात तसेच तोंडावर घेतले. पांढऱ्या मिशा आल्या. पोरी हसून हसून लोळल्या.

आयून मात्र ब्रशने बार घासत होती. मान वर न करता म्हणाली, "एकवीसला वार कुठला, कोच?"

"तुला वार कशाला हवाय?"

"आई विचारेल ना."

चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, आणि छाती अशी धडधडतेय जशी मीच उचलणार आहे!

३० मार्च

आयूनचं वजन ६१.१. दोन किलो उतरवायचेत. 'घाई नको, घाई नको' असं तिला दिवसभर बजावते, आणि स्वतः जिना दोन-दोन पायऱ्या चढते. गुडघे शिव्या देतायत. देऊ देत.

२ एप्रिल

आज तिच्या पाठीला तेल चोळताना जुनं आठवलं. तिच्या तालुक्याच्या शाळेत मी उंच उड्या मारणाऱ्या मुली बघायला गेले होते. एकेक येत होती, उडी मारत होती, माझ्याकडे बघत होती. आणि कुंपणाशी एक मुलगी उकिडवी बसून शेंगा खात होती. टाचा जमिनीला चिकटलेल्या. पाठ ताठ. हलली म्हणून नाही! मला उड्या दिसेनाशाच झाल्या. असं बसणं शिकवायला मला दोन-दोन वर्षं लागतात.

जवळ गेले. "तू नाही उडी मारत?"

"माझं नाव नाही दिलेलं."

"का ग?"

"बाई म्हणाल्या, बुटकी आहेस."

"वा! छान!" मी म्हटलं. तिला राग आला. शेंगांची पुरचुंडी बांधून चालती झाली. मला तिच्यामागे पळावं लागलं. अकरा वर्षांची होती.

नंतर सगळं भराभर झालं असं आता वाटतं. भराभर कसलं! सतराव्या वर्षी कुमार गटाची विजेती. एकोणिसाव्या वर्षी राष्ट्रीय. विसाव्या वर्षी आशियाई सुवर्ण — त्या दिवशी तिच्या गावात तीन डुकरं कापली म्हणे. आणि एकविसाव्या वर्षी कमरेचा मणका. एक वर्ष पाठीवर. छताकडे बघत म्हणायची, "कोच, त्या पंख्याचं वजन किती असेल?"

आता तेवीस. पुढच्या ऑलिम्पिकला सत्तावीस. त्या कमरेनं सत्तावीस नाही होणार. तिला माहीत आहे. मलाही. दोघी बोलत नाही.

५ एप्रिल

एकशे सदतीस!!

कुणाला सांगू? तिला तर सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते — एकशे सदतीस, एकशे सदतीस!

आमच्या हॉलचा नियमच आहे. बारवर किती आहे ते पोरींनी विचारायचं नाही. प्रशिक्षकानं लावायचं, खेळाडूनं उचलायचं. प्लेटच्या रंगावरून ओळखतात म्हणून मी रंग उडालेल्या जुन्या प्लेट ठेवल्यात. सगळ्या सारख्याच मळक्या. बेरजेला वावच नाही.

आयूनच्या बाबतीत तर मी फारच कडक. अठरा वर्षांची असताना एका स्पर्धेत कुणीतरी तिच्या कानात आकडा सांगितला होता. तिन्ही प्रयत्न गेले. बार खांद्यापर्यंतही आला नाही. तेव्हापासून मी ठरवलं — आकडा माझा, ताकद तिची. किती खायचं, किती झोपायचं, किती उचलायचं. सगळं मी सांगते. ती करते. बारा वर्षं आमचं छान चाललंय.

आज उचलून झाल्यावर बार खाली टाकला, मनगटं झटकली.

"जड होतं का ग?"

"कालच्यासारखंच."

कालचं एकशे अठ्ठावीस होतं! मी पाठ वळवून पाण्याची बाटली शोधल्यासारखं केलं. डोळ्यांत पाणी.

९ एप्रिल

तीन-तीनचा सण, म्हणजे आमच्या तिसऱ्या महिन्यातली तृतीया. हॉल बंद, पण आमचा सण कसला? सकाळी नेहमीचा सराव.

आयूनच्या आईनं बसच्या ड्रायव्हरबरोबर टोपली पाठवली. पाच रंगांचा भात. केळीच्या पानात बांधलेला, अजून कोमट. पान उघडलं आणि सगळ्या खोलीत डोंगराचा वास! जांभळा, पिवळा, लाल, काळा, पांढरा. आमच्याकडे हा भात न खाता सण गेला असं कधी होत नाही.

आयूननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — नाही. वजन अजून ६०.३.

मग म्हटलं, प्रत्येक रंगाचा एक दाणा. तिनं पाच दाणे वेचले. जिभेवर ठेवून डोळे मिटले.

तेवढ्यात आईचा फोन. "खाल्लास का ग भात?"

"खाल्ला."

"रंग कसा आलाय? यंदा रंगाची पानं जून होती."

"झकास आलाय."

"पोटभर खाल्लास ना?"

"आई, अगदी गळ्यापर्यंत."

बाकीचा भात मी घरी आणला. नवऱ्यानं त्याच्या शेवयांच्या दुकानात गिऱ्हाइकांना वाटला. मला घास जाईना. तो म्हणाला, "वजन तिला उतरवायचंय की तुला?"

१२ एप्रिल

कॅन्टीनमध्ये फजिती! नवा आचारी उत्तरेकडचा. मी चार उकडलेली अंडी मागितली. ताटलीत दहा आली.

"अहो, एवढी कोण खाणार?"

"तुम्हीच म्हणालात दहा!"

उत्तरेकडचे लोक जिभेचं टोक मागे वळवून 'श' म्हणतात. आम्हा दक्षिणेकडच्या च्वांग लोकांची जीभ वळतच नाही. त्यांचं चार 'स' पासून, दहा 'श' पासून. आमच्या तोंडी दोन्ही 'स'च. घरी आम्हाला आमचं बरोबर कळतं. बाहेर गोंधळ: आम्ही 'स' म्हटलं की चार की दहा, हे ऐकणाऱ्यानं अंदाजानं ठरवायचं.

मू साहेब शांतुंगचे, तेही उत्तरेकडचेच. वीस वर्षं आमच्यात राहून जीभ तशीच वळलेली. ते शेजारच्या टेबलावरून म्हणाले, "लान कोच, तुम्हाला मुलं किती, असं मी कधी विचारलं नाही ते बरंच केलं."

आयूनला नाकातून पाणी आलं हसताना. सहा अंडी मू साहेबांना खायला लावली.

१७ एप्रिल

चांगशा. गाडीत आयून सगळा वेळ खिडकीला डोकं लावून झोपली. मी तिच्या हातांकडे बघत बसले. अंगठ्याच्या आतल्या बाजूला घट्टे, पानाच्या देठासारखे कडक. मीच ब्लेडनं तासते दर रविवारी. हे हात मला माझ्यापेक्षा जास्त ओळखीचे.

जेवणघरात फांग रुइ भेटली. गोड हसली. मुलगी वाईट नाही, पण जीभ तिखट.

"आयून ताई! पाठ कशी आहे आता?"

"आहे की, पाठीमागेच," आयून म्हणाली आणि कोशिंबिरीची वाटी उचलली.

फांग रुइचे प्रशिक्षकसुद्धा हसले. मी नाही हसले. मी खोलीत आल्यावर उशीत तोंड खुपसून हसले.

१९ एप्रिल

५९.६. अंगातलं पाणी उतरावं म्हणून आयून दिवसभर खारवलेला आलुबुखार चघळतेय आणि कपात थुंकतेय. मी कप धुतेय. म्हणाली, "कोच, ऑलिम्पिकमधली ही गोष्ट टीव्हीवर नका सांगू."

ऑलिम्पिकमधली! तोंडातून गेलं तिच्या. मी धुतलेलाच कप पुन्हा धुतला.

२० एप्रिल

झोप येईल असं वाटत नाही. आयूनला बरं घोरायला येतं.

२१ एप्रिल

अक्षर बघा कसं आलंय. पण आजच लिहायचं. उद्या मला माझाच विश्वास बसणार नाही.

वजन ५८.९५. वजन बसवायला केस कापावे लागले नाहीत! काट्यावरून उतरल्याबरोबर तिनं अर्धा लिटर भाताची पेज एका घोटात प्यायली. माणसासारखा रंग आला तोंडावर.

आधी स्नॅच, म्हणजे एका दमात जमिनीवरून थेट डोक्यावर. आयून १०३. फांग रुइ १०६. तीन किलोंनी मागे. मला अपेक्षितच होतं. कमरेमुळे आयूनची ती बाजू पहिल्यापासून लंगडी. आमचा सगळा भरवसा दुसऱ्या भागावर. आधी खांद्यावर, मग डोक्यावर. तिथे पाय लागतात. आयूनचे पाय!

पहिला प्रयत्न १२५, चांगला. दुसरा १३०, फारच चांगला. फांग रुइनंही १३० उचललं, पण उठताना तिचे गुडघे थरथरले. मी पाहिलं.

हिशेब असा. आयून २३३, फांग रुइ २३६. दोघींचा एकेक प्रयत्न शिल्लक. आयूननं १३४ उचललं की २३७. एक किलोनं पुढे! मग फांग रुइला त्या थरथरत्या गुडघ्यांवर वर चढावं लागेल. मला वाटलं, पुरे. जोखीम नको. चार पुरे.

सरावाच्या खोलीत इतका गोंगाट! दर मिनिटाला कुणाचा तरी बार धाडकन पडतोय. आयून खुर्चीत. मी खुर्चीमागे, दोन्ही हातांनी तिच्या मानेवर आणि कानांवर गार टॉवेल दाबून; आकडा कानी पडायला नको. मू साहेब पलीकडे पंचांच्या टेबलापाशी, हातात पेन. आकडा दोनदाच बदलता येतो. एकदा आधी बदलला होता. हा शेवटचा.

मी ओरडले, "मू साहेब! एकशे तीसवर चार! चार वाढवा!"

त्यांनी भुवया उंचावल्या. आमच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो! लिहा, लिहा!" आणि पडद्याकडे बघायला लागले, फांग रुइचे लोक काय करतात ते. मू साहेबांनी लिहिलं.

पडद्यावर आकडा आला.

नोंग चाइयून — १४०.

एकशे चाळीस!! चार नाही. दहा!

माझी जीभ! माझी ही मेली जीभ! एरवी मी बोटं दाखवते, आणि आज दोन्ही हात टॉवेलवर. मी टेबलाकडे धावले.

"मू साहेब, हे काय लिहिलंत?"

"जे समजलं ते लिहिलं." माझ्याकडे बघेनात.

"बदला! आत्ता बदला!"

टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, दोन्ही बदल झाले. आता नाही होत."

एकशे चाळीस. ही पोर आयुष्यात एकशे सदतीसच्या वर गेलेली नाही, आणि त्या सदतीसचाही तिला पत्ता नाही. मी तिच्या बारा वर्षांच्या कष्टांवर एका अक्षरानं पाणी ओतलं. आता ती बाहेर जाणार, बार खाली टाकणार, आणि पुन्हा कधीच नाही.

तेवढ्यात पडद्यावर दुसरा आकडा हलला. फांग रुइ — १३५. आमचे १४० बघून त्यांनी ठरवलं, वर जाऊन दार लावून घ्यायचं. तिचा बार हलका, म्हणून ती आधी गेली.

आणि तिनं उचललं! गुडघे थरथरले, दात दिसले, पण उचललं. पंचांचे तीन पांढरे दिवे. एकूण २४१. त्यांचे लोक एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागले.

मी तिथेच उभी. डोक्यात बेरीज आपोआप होत होती. आमचं १३४ असतं तर २३७. फांग रुइ आमच्यानंतर येऊन १३५ उचलून गेली असती. संपलं असतं! माझ्या हिशेबानं आम्ही हरलोच होतो! आता १४० म्हणजे २४३. आता जिंकायचं असेल तर हाच बार. हाच!

मी आयूनपाशी गेले. टॉवेल काढला. तिचे कान गरम.

"वर पडद्याकडे बघू नकोस. प्लेट मोजू नकोस. रोजचंच आहे."

"हो, कोच."

"जड वाटलं तर...?"

"कालच्यासारखंच," ती म्हणाली आणि हसली. इतक्या गोंधळात ही हसते कशी! मी तिच्या पाठीत नेहमीसारखी थाप मारली. जरा जोरातच बसली.

ती गेली. पावडरच्या डब्यात हात घातले. बारपाशी उभी राहिली. अंगठा आत, बोटं वर. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. पडदा मुठीत.

उचलला. बार वाकला. दोन्ही टोकं खाली, मधला भाग वर — एवढा वाकलेला बार तिच्या हातात मी कधी पाहिला नव्हता. खांद्यावर आला आणि ती त्याच्याखाली बसली. खोल. तशीच, त्या कुंपणाशी बसली होती तशी. टाचा चिकटलेल्या. आणि तिथेच राहिली. उठेचना! मी बसले तिच्याबरोबर. खरंच बसले, पडद्यामागे, उकिडवी, माझ्या ह्या गुडघ्यांनिशी. मागून कोण ओरडत होतं, "ऊठ ग बाई! ऊठ!" — मीच होते.

ती उठली. मिलिमीटर मिलिमीटरनं. तोंड जांभळं. उभी राहिली, एक श्वास घेतला, बार खांद्यावर जरा सरकवला. एक क्षण काहीच नाही. मग पाय फाकले — एक पुढे, एक मागे — आणि बार वर! डावं कोपर थरथरलं, मी म्हटलं गेलं, गेलं — नाही! कुलूप बसलं. मागचा पाय पुढे आला. दोन्ही पाय एका रेषेत. उभी. डोक्यावर एकशे चाळीस आणि खाली आमची आयून, सरळ उभी!

दिवे. पांढरा, पांढरा, लाल. दोन पुरे! दोन पुरे!!

बार पडला तेव्हा सगळं स्टेज हाललं. ती तिथेच गुडघ्यांवर बसली आणि बारवर कपाळ टेकलं. मग धावत पडद्याच्या आत आली आणि माझ्यावर आदळली. दोघी पडलो. माझी कंबर! असू दे. माझ्या कानात पावडर गेली, तोंडात तिचे केस.

"कोच, किती होतं?"

"एकशे चाळीस, एकशे चाळीस ग माझी बाय!"

"बापरे," ती म्हणाली. बस, एवढंच. बापरे.

मू साहेब खुर्चीत बसून रडत होते. मोठा माणूस, हुंदके देऊन.

२२ एप्रिल

सगळ्यांना कळलंय. जेवणघरात इतर प्रांतांचे प्रशिक्षकसुद्धा विचारतात, "लान कोच, चार शेवया आणू की दहा?" मू साहेबांना नवीन नाव पडलंय — दहासाहेब. ते ऐकतात. चहा पितात. मी दोनदा माफी मागितली. म्हणाले, "कान म्हातारे झाले माझे, तुमची काय चूक."

फांग रुइ आली होती. डोळे सुजलेले. आयूनला म्हणाली, "तिथे जाऊन कमी उचललंस ना, तर बघ." मग दोघी गळ्यात पडल्या. मला फार वेळ बघवलं नाही.

माझ्या चुकीवर पोर जिंकली. हे बरं वाटून घ्यायचं की काय, कळत नाही. पण आनंद ऐकतच नाही! सकाळी दात घासताना गात होते.

२७ एप्रिल

यादी जाहीर. नाव आहे. मी फोन टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा वाचलं. नाव आहे.

नवऱ्यानं दुकानावर पाटी लावली — आज शेवया फुकट. दुपारपर्यंत हाडांचा रस्सा संपला. म्हणाला, "तुझ्या जिभेमुळे मी बुडणार." पण पाटी काही काढली नाही.

आयूनच्या आईला मीच फोन केला. तिला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, "म्हणजे ती आता भात खाणार का?"

"दोन दिवस खाऊ दे, आई."

"मग मी आजच निघते."

आणि खरंच आली. टोपली घेऊन. आयूननं पाच रंगांतला एकेक घास मला भरवला आधी.

४ मे

आयून गेली. बीजिंगला, राष्ट्रीय शिबिरात. तिथे तिला हाओ म्हणून प्रशिक्षक आहेत. नियम आहे, मला जाता येत नाही. ठाऊक होतं. बारा वर्षं ठाऊक होतं.

स्टेशनवर मी तिच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. मेमधल्या उकाड्यात! तिनं ओढू दिली.

संध्याकाळी हाओ कोचना फोन केला. भला माणूस वाटला. सगळं सांगितलं — कंबर, झोप, पेज किती घट्ट हवी. आणि मुख्य गोष्ट दोनदा सांगितली: "तिला आकडा कधी सांगू नका. आकडा ऐकला की ती बुजते. तुम्ही ठरवा, तुम्ही लावा. ती उचलेल. आकड्याला ती तयार नाही, अजून लहान आहे."

"तुमचंच ऐकतो," ते म्हणाले.

हॉलमध्ये तिची खुंटी रिकामी आहे. नव्या पोरीनं टॉवेल अडकवला तर मी ओरडले तिच्यावर. मग स्वतःच तो टॉवेल पुन्हा अडकवून आले.

७ मे

हाओ कोचचा निरोप: आयून मजेत. दोन वेळा भात मागते. वा!

मी एक ठरवलंय. जीभ वळवायला शिकायचं. आरशासमोर श-श-श करते. मांजर पळून जातं. नवरा म्हणतो, "कुणाला हाकलतेयस?" पण गंमत नाही. ह्या वेळी नशीब होतं. दर वेळी चुकीतून सोनं नाही निघत. दुसऱ्या कुठल्या पोरीच्या शेवटच्या प्रयत्नाला माझ्या तोंडून 'चार'चं 'दहा' झालं तर? नव्या पोरींसाठी शिकलंच पाहिजे. चव्वेचाळीस हे काही जीभ न वळण्याचं वय नाही.

९ मे

श. श. श. जिभेला पेटका आला!

कॅन्टीनमध्ये मू साहेबांसमोर म्हणून दाखवलं — चार, दहा, चार, दहा. शाबासकी मिळेल असं वाटलं. ते ताटलीकडे बघत राहिले. जेवले नाहीत नीट.

१२ मे

मू साहेब सकाळी हॉलमध्ये आले. पोरी यायच्या होत्या. म्हणाले, "लान कोच, जिभेचे हाल थांबवा. मला त्या दिवशी चारच ऐकू आलं होतं. वीस वर्षं ऐकतोय तुम्हाला. मी खात्री करायला तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, लिहा. पण आयूननं मांडीवर दोन तर्जन्या एकमेकींवर आडव्या ठेवल्या होत्या. दहाची खूण. माझ्या डोळ्यांत अशी बघत होती की माझा हात... नंतर म्हणाली, टॉवेलातूनही सगळं ऐकू येत होतं, पण कोचना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

मी तिच्या मागे उभी होते. मला फक्त तिची मान दिसत होती.

बीजिंगला फोन लावला. हाओ कोचना म्हटलं, त्या दिवशी सांगितलेलं विसरा. आकडा तिला विचारा.